मुक्काम उदगीर, जिल्हा उदगीर

वैशाख लागला की आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा उरत नाही. एका जुन्या लुगड्यावर शिकेकाईच्या शेंगा, दुसऱ्यावर रिठे, कठड्याच्या सावलीत कडुलिंबाचा पाला, संत्र्याच्या साली, आवळकाठी. खालच्या मजल्यावरच्या बाई नाकाला पदर लावून विचारतात, "अहो, अजून किती दिवस हा वास?" मी म्हणते, "पोळ्यापर्यंत." तेवढं काही खरं नसतं, पण काही माणसांना खरं सांगायची मला हौस नाही.

शेंग दातानं मोडून बघायची. कडकन तुटली तर दळायला न्यायची, वाकली तर अजून दोन उन्हं द्यायची. गिरणीवाला आमची शिकेकाई सगळ्यांत शेवटी घेतो, दगडांना छिन्नीनं टाकी लावायच्या आदल्या दिवशी. मधेच दळली तर गल्लीभर लोकांच्या भाकरीला वास लागतो आणि सगळे येऊन त्याला शिव्या घालतात. दळण सुरू झालं की आधी गिरणीवाला शिंकतो, मग मी, मग समोरचा पानवाला. यंदा गिरणीवाला नाकावरचा रुमाल जरा खाली करून मला म्हणाला, "काकू, ऐकलं का? उदगीर जिल्हा होणार म्हणतात. यंदा नक्की."

"दळ मुकाट," मी म्हणाले.

तो हसला. त्याला वाटलं काकूंचा स्वभावच तिखट आहे. तो आहेच. शिकेकाईचा हा एक गुण चांगला, डोळ्यांतून पाणी आलं तर कुणी विचारत बसत नाही. मी डबे भरून घेतले आणि रिक्षा बोलावली.

घरी आल्यावर पाकिटं भरायची, त्यावर लेबल लावायचं. आमच्याकडे अजून जुन्या लेबलांचा एक गठ्ठा आहे. त्यावर 'अक्काची शिकेकाई' असं लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात पत्ता, 'मुक्काम उदगीर, जिल्हा उदगीर'. असा जिल्हा या जगात नाही. नांदेडचं दुकान बघणारी सुजाता दर वर्षी म्हणते, "ताई, फेकून द्या ते. गिऱ्हाईक हसून राहिले." मी फेकत नाही. दर हंगामात थोडी लेबलं वापरते, अगदी पुरवून पुरवून.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. माझे थोरले दीर माझं लग्न व्हायच्या आधीच गेले होते. अक्काला मूलबाळ नव्हतं. मी लातूरच्या या घरात नवी नवरी म्हणून आले, तेव्हा मागच्या अंगणात एक बाई खाटेवर उताणी पडली होती आणि खाटेवरून जमिनीपर्यंत काहीतरी काळं लोंबत होतं. मला वाटलं घोंगडं वाळत घातलंय. जवळ गेले तर ते केस. खाली फरशीवर लुगडं अंथरून त्यावर पसरलेले, ओले, आणि त्यांचा तो वास. नागरमोथा, गव्हला, कचोरा आणि खाली तो शिकेकाईचा आंबट उग्रपणा. अक्का डोळे न उघडता म्हणाली, "शैला का? ये. पाय नको देऊस केसावर, बास."

सोमवार हा तिचा न्हाण्याचा वार. आधी न्हाणं, मग लिंगपूजा, मग अंगणात केस वाळवणं. त्या वेळी गल्लीतल्या बाया काही ना काही निमित्त काढून यायच्या. कुणाला विरजण पाहिजे, कुणाला सुई. खरं पाहिजे असायचं ते एवढंच, अक्का केसाला लावतेस काय? अक्का सरळ वर्तमानपत्राच्या कागदात पुडी बांधून हातात द्यायची. मला ते बघवेना. मी म्हणाले, "अक्का, फुकट कशाला?" ती म्हणाली, "अय्यय्यो! वासाचे कुणी पैसे घेतं का?" मी म्हणाले, "अख्खी दुनिया घेते." अक्काचे केस आणि माझं तोंड, आमचा धंदा या दोनच गोष्टींवर उभा राहिला.

आधी शिकेकाई, मग दिवाळीचं उटणं, मग एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ, मग माक्याचं तेल. नांदेडला बचत गटांचं प्रदर्शन होतं, तिथं आमच्या शेजारच्या टेबलावर सुजाता बसली होती. ती हदगावकडची, नांदेडला पार्लरचा कोर्स केलेली, डोळ्यांनी माणूस मोजणारी. आमच्या पुड्या बघून म्हणाली, "ताई, माल सोन्यासारखा हाय, पण गुंडाळलाय शेंगदाण्यासारखा." त्या दिवसापासून ती आमची झाली. सकाळी तिचा "जयभीम ताई" असा फोन आल्याशिवाय आमच्या घरात चहा उकळत नाही.

दुकानाला बुटीक म्हणायचं हे तिचंच खूळ. लातूरला गंजगोलाईच्या मागं आम्ही पहिलं दुकान काढलं आणि पाटीवर बुटीक लिहिलं, तर बाया ब्लाऊजपीस घेऊन यायला लागल्या. आमच्याकडे बुटीक म्हणजे शिवणकाम. "फॉल-पिको करता का हो?" अक्का म्हणायची, "करते की. आधी केस धुऊन ये." आणि बाई हसत हसत शिकेकाई घेऊन जायची. सोमवारी अक्का ओले केस पाठीवर सोडून गल्ल्यामागं बसायची. त्या दिवशी आम्हाला बोलावं लागायचं नाही. पुढं नांदेडला सुजाताचं दुकान झालं, नायगावला एका साडीच्या दुकानात आमच्या मालाचं कपाट लागलं. सगळं कसं सावकाश, पाय न मोडता चाललं होतं.

मग ती जिल्ह्याची आवई आली.

हे आमच्याकडच्या माणसालाच कळेल. लातूर जिल्हा झाला तेव्हा मी शाळेत होते. माझ्या वडिलांची लातूरलाच कोर्टाच्या कोपऱ्यावर वह्या-पेन्सिलींची टपरी होती. जिल्हा झाला आणि कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांच्या बायका आल्या, अर्ज लिहिणारे आणि लिहून घेणारे आले. टपरीचं दुकान झालं. आई पहिल्यांदा पायात चांदीची नवी जोडवी घालून देवळात गेली. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच बसलंय. इतरांकडे लक्ष्मी कमळावर बसून येते, आमच्याकडे सरकारी जीपमध्ये बसून येते. त्यामुळं उदगीर जिल्हा होणार अशी हवा उठली तेव्हा मीही वेड्यासारखी त्यावर भुलले. उदगीर तर सगळंच भुललं होतं. रिकामे गाळे उचलले गेले, पेंटर लोकांना जेवायला फुरसत नव्हती. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, म्हणतात ना, तसं. आणि तुरी तर आमच्याच बाजारातल्या.

पण अक्काचं कारण वेगळं होतं. उदगीर तिचं माहेर.

तिथं बाजारात तिच्या भावाचं कापडाचं दुकान. नवरा गेला तेव्हा भाऊ आला, माती देऊन गेला. त्यानंतर पंचमीला तिला न्यायला कुणी आलं नाही. लग्न झालेल्या पोरीला सणाला माहेरी न्यायला जो येतो त्याला आपण मुराळी म्हणतो. श्रावण लागला की गल्लीत कुणाकुणाचे मुराळी यायचे आणि अक्का उगाचच दारात तांदूळ निवडत बसायची. विचारलं तर म्हणायची, "उजेड चांगला हाय इथं." उजेड मागच्या दारीही चांगला असायचा. माझे यजमान, तिचे धाकटे दीर, पंचमीला तिच्यासाठी बांगड्या नाहीत तर निदान खण आणायचे आणि तिच्या देवळीत ठेवून गुपचूप कामाला निघून जायचे.

तर त्या वर्षी अक्का एक दिवस जेवता जेवता म्हणाली, "उदगीरला दुकान काढू. मी बघते." आम्ही दोघं तिच्याकडे बघतच राहिलो. ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "मुराळ्याची वाट बघून दमले मी. आता माझी किल्ली, माझं कुलूप. रोज सकाळी माहेरी जाईन, रोज संध्याकाळी सासरी येईन. हाय का अशी कुणी लेक?" आणि हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला तोवर पाहिलं नव्हतं.

पाडव्याला दुकान उघडलं. भावाच्या दुकानाच्या जवळजवळ समोर, मधे फक्त रस्ता. पेंटर म्हणाला, "अक्का, जिल्हा उदगीरच लिवतो. आता लातूर लिवायचं आन् म्हैन्यानं खोडायचं, कशाला डबल रंग?" अक्काला ते इतकं पटलं की तिनं लेबलंही तशीच छापून घेतली, तीही वर्षानुवर्षं पुरतील एवढी. सुजाता नांदेडहून आली होती. तिनं लेबल वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि शहाणी पोरगी, पेढा तोंडात टाकला.

आणि तेच ते साल, आमच्याकडे पाणी संपलं ते.

आता पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. नळाला पाणी यायचं बंद झालं. टँकर आला की बाया आधी धावत आणि मग भांडत. घरात पाण्याचे प्रकार पडले. प्यायचं, वापरायचं आणि सांडायचं. परातीत बसून अंघोळ करायची आणि परातीतलं पाणी संडासाला न्यायचं. मग एकदा रेल्वेनं पाणी आलं. लोक स्टेशनावर बघायला गेले. अक्काही गेली. येऊन म्हणाली, "शैला, पाणी पाव्हणं होऊन आलं गं." मला हसू आलं. कळशीभर पाणी मिळवण्यात माणसाची सकाळ जायची, आणि त्या गावात आम्ही काय विकत होतो? धुवून काढायच्या गोष्टी. शिकेकाई, उटणं, मुलतानी माती. दुकानात बाई यायची, पाकीट उचलून वास घ्यायची आणि परत ठेवायची. "लावीन हो. पण धुऊ कशानं?"

सुजातानं नागरमोथा आणि बेसनाची एक कोरडी पूड काढली. केसाला चोळायची, विंचरून टाकायची, पाणी नको. एका शिक्षिका बाईंनी नेली. दुसऱ्या दिवशी पांढुरक्या केसांनी येऊन म्हणाल्या, "वर्गातली पोरं विचारतात, मॅडम तुम्ही रिटायर कधी होणार?" दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. तरी नांदेडला गोदावरीची कृपा, सुजाताचं दुकान तग धरून होतं आणि त्याच्यावर आम्ही.

उदगीरचं दुकान मात्र अक्कानं सोडलं नाही. सकाळच्या गाडीनं जायची. बरोबर एक पाण्याची बाटली, दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी. दुकान झाडायची, अगरबत्ती लावायची आणि बसायची. समोर भावाचं दुकान. तो गादीवर बसलेला दिसायचा. तिनं मला सांगितलं की पहिल्या दिवशी त्यानं हात वर केला. मग रोज नुसती मान हलवायचा. ती म्हणायची, "कामात असतो गं. लगीनसराई हाय." गिऱ्हाईक नसलं की माणूस समोर काय आहे तेच बघत बसतो, आणि तिच्या समोर ते दुकान होतं.

तिला खरी टोचणी केसांची होती. उन्हाळ्यात महिनाभर केस न्हायले नव्हते. तेल लावून गच्च अंबाडा बांधायची आणि वरून पदर. एकदा एक पोरगी दुकानात येऊन म्हणाली, "तुमीच का त्या केसावाल्या अक्का? दाखवा की." अक्कानं पदर आणखी पुढं ओढला. घरी येऊन मला म्हणाली, "पाटीवर धूळ बसली तर पुसता येती शैला, माझ्या पाटीचं काय करू?"

तेवढ्यात एक दिवस तिची वहिनी, भावाची बायको, रस्ता ओलांडून दुकानात आली. त्यांच्या घरच्या बोअरला अजून पाणी होतं. बोलता बोलता म्हणाली, "वन्सं, या की एक दिवस घरी. न्हाऊन जावा." बोलण्याच्या भरात बाया म्हणतात तसं म्हणाली. अक्कानं ते आमंत्रण धरलं.

तो सोमवार मला अजून दिसतो. अक्कानं आदल्या दिवशीच पिशवी भरून ठेवली होती. वहिनीसाठी उटणं, भाचीसाठी काजळाची डबी, स्वतःसाठी शिकेकाई, आणि ट्रंकेतली ती जांभळी इरकल, जी ती कुणाच्या लग्नातही नेसत नसे. मी चेष्टेनं म्हणाले, "अक्का, पंचमीला निघालीस काय?" ती म्हणाली, "पंचमीच समज." गाडीत चढताना तिनं मागं वळून हात केला. पन्नाशी उलटलेली बाई, पण तिच्या पायात तेव्हा पोरीची चाल होती. मी घरी येऊन उगाच गोड काहीतरी करावं म्हणून शिरा केला, संध्याकाळी ती आल्यावर खायला.

संध्याकाळी ती आली आणि दारातच थांबली. मी बघितलं तर तिच्या जांभळ्या लुगड्याच्या खांद्यावर सगळी तपकिरी पूड सांडलेली. कपाळाच्या कडेला वाळलेला लेप, कानामागं लेप. अंबाडा ताठ, मातीच्या गोळ्यासारखा. डोळे लालभडक झालेले. मी म्हणाले, "अक्का, हे काय?"

"लई पानी हाय गं त्यांच्या बोअरला," ती म्हणाली आणि आत गेली.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं कळलं, तेही किती दिवसांनी. ती गेली तेव्हा वहिनी आधी गोंधळली, मग न्हाणीत बादली दिली. अक्कानं महिनाभराचे ते एवढे मोठे केस सोडले, शिकेकाई चोळली. एक बादली त्यात अशीच गेली, केसांनीच पिऊन टाकली. दुसरी मागितली. वहिनीनं दिली. मग नळी लावून अक्का केस धुवायला लागली आणि बाहेरून आवाज आला, "वन्सं, बास की आता. बोअर आटंल."

अक्कानं नळ बंद केला. केसांत शिकेकाई तशीच. पिळले, बांधले, लुगडं नेसली, पिशवीतलं उटणं आणि काजळ कोनाड्यात ठेवलं आणि बाहेर आली. वहिनी म्हणाली, "च्या घेता का?" अक्का म्हणाली, "नको, दुकान उघडायचंय." आणि मग त्या उन्हात दिवसभर ती गल्ल्यामागं बसून राहिली. डोकं आगीनं भणभणत होतं, मान हलवली की पूड गळत होती, आणि समोर भाऊ. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना तिनं हसून माल दाखवला म्हणे.

वहिनीचंही खरं होतं, हे मला कळत नाही असं नाही. आख्खी गल्ली त्यांच्या बोअरवर भरत होती, घरात लेकीचं लग्न होतं. पाणी बोलावून येत नाही. पण मी काही न्यायाधीश नाही. मी अक्काची जाऊ आहे. मला त्या बाईचा जो राग आला तो वर्षानुवर्षं माझ्या पोटात तसाच राहिला. मी ठरवून टाकलं होतं, कधी ना कधी हिला हेच शब्द ऐकवीन. बास की आता.

त्या संध्याकाळी मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि प्यायच्या पाण्याची घागर उचलली. म्हणाले, "बस न्हाणीत. धुऊन काढते." अक्कानं घागरीवर हात ठेवला. "सुम्ने बस." तिच्या माहेरची कानडी, गप बस म्हणायची. "प्यायचं हाय ते. हात लावशील तर माझी आण." मी रडायला लागले. ती नाही रडली. शिरा मात्र तिनं खाल्ला, मी केला होता म्हणून.

सकाळी उठले तर ती अंगणात खाटेवर बसली होती. शिवणाची कात्री बाजूला, आणि मांडीवर आख्खी वेणी. मानेवर आखूड केसांचा नुसता झुपका. माझे यजमान दात घासत बाहेर आले, त्यांनी बघितलं आणि तसेच परत आत गेले. त्या दिवशी ते न जेवता कामाला गेले. मी अक्काला बोलले, नको नको ते बोलले. "तुला काय वेड लागलं? केस म्हणजे आपलं दुकान, केस म्हणजे तू!" ती म्हणाली, "एवढ्याला आता तांब्याभर पानी पुरतं." बस, एवढंच.

केसांवर भांडी देणारी बाई गल्लीत यायची, विंचरलेले गुंतवळ घेऊन चमचे-वाट्या द्यायची. अक्कानं वेणी तिला दिली. ती बाई वेणी हातात धरून बघतच राहिली. म्हणाली, "माय, काय मागतीस?" अक्का म्हणाली, "कळशी दे. मोठी." टँकरवर आमची जुनी कळशी चेपली होती. तर अशी आमच्या घरात ती स्टीलची कळशी आली. पुढचा सगळा उन्हाळा आम्ही त्या कळशीनं पाणी भरलं. ती उचलताना माझ्या हाताला दर वेळी केसांचा भास व्हायचा. अजून होतो.

मग पाऊस आला, आणि भादव्यात असा आला की नद्यांना पूर. लोक पुलावर जाऊन पाणी बघत उभे राहिले. दुकानात बाया परत यायला लागल्या. जिल्हा मात्र आला नाही. उदगीरच्या बाजारात पाट्या तशाच, 'जि. उदगीर', त्यावर पाऊस पडून गेलेला. मी म्हणाले, "अक्का, आता बरे दिवस येतील, चालव दुकान." ती म्हणाली, "हौस फिटली." गाळ्याच्या मालकाला किल्ली द्यायला आम्ही दोघी गेलो. माल खोक्यात भरत होतो तेव्हा भाऊ त्याच्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. रस्त्याच्या त्या बाजूनं म्हणाला, "जातीस का?"

"जाते," अक्का म्हणाली.

मला वाटलं तो रस्ता ओलांडून येईल. अक्कालाही वाटलं असावं, कारण तिनं कुलूप लावायला उगाच वेळ घेतला. मग एक टेम्पो मधे आला आणि आम्ही बस स्टँडकडे निघालो.

लेबलांचा गठ्ठा आमच्याबरोबर आला. अक्का ती लातूरच्या मालावर लावायला लागली. गिऱ्हाईक विचारायचं, "अक्का, उदगीर जिल्हा कधी झाला?" ती म्हणायची, "माझ्यापुरता झालाय." लोक हसायचे. आमचा धंदा पुढं वाढला, लातूरला दुसरं दुकान झालं, नायगावच्या कपाटाचं दुकान झालं, हदगावला सुजाताच्या बहिणीनं काढलं. सगळीकडे नळाला पाणी होतं. पण अक्कानं केस परत वाढवले नाहीत. खांद्यापर्यंत आले की कात्री घ्यायची. सोमवारी ओले केस सोडून गल्ल्यामागं बसणं संपलं. कुणी विचारलं तर म्हणायची, "वय झालं की."

गेल्या श्रावणात ती गेली. तापाचं निमित्त झालं. बाहेर पाऊस लागलेला, पन्हाळीखाली बादल्या भरून वाहत होत्या, आणि आत अक्का निजलेली. आमच्यात माहेरची माणसं आल्याशिवाय आणि माहेरचं लुगडं आल्याशिवाय बाईला उचलत नाहीत. उदगीरला फोन गेला. सगळे थांबले. जंगम स्वामी आले होते, विभूती आणली होती, सुजाता नांदेडहून येऊन माझ्याजवळ बसली होती. दुपारी जीप आली. भाऊ काठी टेकत उतरला आणि दारातच खाली बसला. पंचमी नुकतीच होऊन गेली होती. मुराळी आला होता.

मागून वहिनी आली, हातात लुगडं. तीही म्हातारी झालेली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

आम्ही अक्काला न्हाणीत बसवलं. सुजातानं पाठीमागून धरलं. मी पाकीट फोडलं, उदगीर जिल्ह्याचं, शिकेकाई कालवली आणि तिच्या त्या आखूड केसांना लावली. कपाळाच्या कडेला, कानामागं, सगळीकडे. वहिनी दारात उभी होती. म्हणाली, "मी घालू का पानी?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता कोपऱ्यातली कळशी उचलून बादलीत बुडवली. ती कळशी कशाची आहे हे तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

तिनं पाणी घातलं. मी केसांतून बोटं फिरवत राहिले. तपकिरी पाणी मोरीकडे गेलं, मग पिवळट, मग स्वच्छ. केस मोकळे झाले. बोटाला काही लागेना. तरी ती घालतच होती. एक कळशी, परत बुडवली, आणखी एक. निम्मं पाणी माझ्या लुगड्यावर सांडत होतं, आणि ती खाली बघून पुटपुटत होती, "घ्या वन्सं. घ्या. लई हाय पानी." सुजातानं माझ्याकडे बघितलं, आता पुरे, असं.

'बास की आता' हे शब्द इतकी वर्षं मी तोंडात धरून ठेवले होते. ते आता अगदी ओठावर होते, आणि ते म्हणायला कारणही होतं. केस कधीच धुऊन झाले होते.

मी अक्काचं डोकं नीट धरलं आणि वहिनीला पाणी घालू दिलं.